माजघरातून ओटीपर्यंत

प्रश्न, थोडक्यात: "माझा धाकटा भाऊ, वय ३४, मे महिन्यात कलमावर चढून झेल्याने आंबे काढताना खाली पडला. डी १२ चा (पाठीचा बारावा) मणका फुटला. स्क्रू-रॉड टाकून ऑपरेशन झालं, जूनअखेर घरी आणला. आता पाचवा महिना. कमरेखाली हालचाल नाही, स्पर्श कळत नाही. लघवीची नळी कायमची लावलेली आहे, दोनदा थंडी-ताप येऊन गेला, माकडहाडावर रुपयाएवढी जखम झाली आहे. सगळं त्याची बायको करते. गणपतीत मुंबईहून नातेवाईक आले, ते स्टेम सेलचं सांगून गेले. तो आरतीलासुद्धा बाहेर आला नाही, माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून असतो. तो चालेल का? आणि तोवर आम्ही काय करायचं?"

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पण पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय माणूस पुढचं वाचत नाही, हे थेरपिस्ट म्हणून बावीस वर्षांत शिकले आहे. म्हणून आधी चालण्याचं.

मज्जारज्जूची इजा पूर्ण आहे की अपूर्ण, हे एमआरआयच्या फिल्मवरून ठरत नाही, अंग तपासून ठरतं. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर 'एशिया' (ही इजेची प्रतवारी) असा शब्द आणि पुढे ए ते ई यांपैकी एक अक्षर असेल, ते बघा. ए म्हणजे गुदद्वाराजवळ स्पर्शही कळत नाही आणि तिथला स्नायू मनाने आवळताही येत नाही. ही तपासणी ऑपरेशनच्या वेळी झाली असेल तर आता पुन्हा करून घ्या, कारण पहिल्या काही आठवड्यांत मज्जारज्जू धक्क्यात असतो आणि तेव्हाचं अक्षर पुढे बदलू शकतं. पाचव्या महिन्यातही ए असेल, तर पूर्वीसारखं चालण्याची शक्यता फार कमी आहे. शून्य म्हणत नाही. डी १२ च्या आसपास मज्जारज्जू संपत आलेला असतो आणि पायांकडे जाणाऱ्या नसांची मुळं तिथूनच खाली उतरतात. ही मुळं रज्जूपेक्षा चिवट असतात. वर्ष-दीड वर्षाने मांडी थोडी उचलता यायला लागली, असे पेशंट मी पाहिले आहेत. तेवढ्याने शेतात चालता येत नाही, पण खाटेवर पाय फिरवायला, कॅलिपर (पायाला बांधायचा आधाराचा सांगाडा) लावून उभं राहायला त्याचा मोठा उपयोग होतो.

कॅलिपर आणि वॉकर घेऊन तो अंगण पार करू शकेल, हात तगडे असतील तर नक्कीच. पण त्या वीस पावलांत त्याला जो घाम फुटेल तो बघितलात की कळेल, की बाजारात जायला माणूस चाकाची खुर्चीच का पसंत करतो. उभं राहणं मात्र रोज हवंच, अर्धा तास, आधाराच्या चौकटीत किंवा गुडघ्यांना स्प्लिंट बांधून. सांधे आखडत नाहीत, पोट साफ व्हायला मदत होते, आणि माणूस बाकीच्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. सुरुवात सावकाश करा. इतके महिने आडवा असलेला माणूस एकदम उभा केला की रक्तदाब उतरून त्याला घेरी येते.

स्टेम सेलबद्दल, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराबद्दल, स्पष्ट सांगते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे आणि तत्सम काही मोजके आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त संशोधनात करता येतो, आणि संशोधनात पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. मज्जारज्जूची इजा त्या मोजक्या आजारांत नाही. म्हणजे कुणी इंजेक्शनमागे लाखात बिल सांगत असेल, तर तिथेच उठून यायचं. यासाठी कलमं गहाण टाकलेली घरं मी पाहिली आहेत. ते पैसे उतार, न्हाणी आणि नीट मापाच्या खुर्चीत घातले असते, तर माणूस त्याच वर्षी घराबाहेर पडला असता.

आता माझ्या कामाबद्दल. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करायला शिकवणारी. आमच्याकडे सगळे 'ओटी' म्हणतात. दवाखान्यात ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, कोकणात ओटी म्हणजे घराची पुढची बैठक, त्यामुळे माझी ओळख करून देताना नेहमी गोंधळ होतो. पण तुमचं पत्र वाचताना वाटलं, या वेळी तिन्ही अर्थ जुळले. पहिल्या ओटीतलं काम सर्जनने केलं. उरलेलं काम म्हणजे तुमच्या भावाला माजघरातून तुमच्या ओटीवर आणून बसवणं, तेही त्याच्या त्याने.

त्याची वाट पायांतून नाही, लघवीच्या नळीतून जाते. ऐकायला विचित्र वाटेल.

सध्या त्याचं सगळं शरीर दुसऱ्याच्या ताब्यात आहे. नळी कंपाउंडर बदलतो, डायपर बायको बदलते, कूस तुम्ही बदलता. चौतिशीतला, कलमांवर चढणारा गडी भिंतीकडे तोंड करून पडला, तर त्यात मला नवल वाटत नाही. हा ताबा एकेक करून त्याच्याकडे परत द्यायचा आहे आणि सुरुवात लघवीपासून करायची, कारण बाकी सगळं तिथे अडतं.

कायमच्या नळीवरून जंतू आत चढतात, तो थंडी-ताप बहुधा त्याचाच. पर्याय असा, की दर चार ते सहा तासांनी त्याने स्वतः पातळ नळी घालायची, लघवी काढायची आणि नळी बाहेर काढायची. याला आम्ही सेल्फ कॅथ म्हणतो. अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस नावाच्या युरॉलॉजिस्टने (मूत्रविकारतज्ज्ञाने) १९७२ च्या सुमारास हे मांडलं. त्याचं म्हणणं होतं, की मूत्राशय वेळेवर रिकामं होणं हे निर्जंतुकपणापेक्षा महत्त्वाचं आहे. तेव्हा त्याला वेड्यात काढणारे बरेच होते, आज जगभर हेच शिकवतात. घरी स्वच्छ हात, साबण, जेली आणि स्वच्छ नळी एवढं पुरतं. तुमच्या भावाचे हात शाबूत आहेत, त्यामुळे तो हे चार दिवसांत शिकेल. पहिल्या दिवशी लाजेल, दुसऱ्या दिवशी चिडेल. आधी युरॉलॉजिस्टला दाखवा, मूत्राशयाचा दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी करून घ्या, आणि शिकवायचं त्याला, त्याच्या बायकोला नाही. एका वेळी चारशे-पाचशे मिलिलिटरपेक्षा जास्त साठू द्यायचं नाही. दिवसाला साधारण दोन लिटर पाणी, पण संध्याकाळनंतर कमी. वहीत वेळ आणि माप लिहायचं, तेही त्यानेच. आणि ताप नसताना, लघवी गढूळ नसताना नुसत्या रिपोर्टात जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक सुरू करू नका. अशाने पुढे खरा ताप येतो तेव्हा औषधं लागू पडत नाहीत. वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी), हे मात्र आयुष्यभर.

हे इतकं का ताणतेय? दुसऱ्या महायुद्धाआधी पाठीच्या कण्याला जबर इजा झालेले बहुतेक सैनिक काही महिन्यांत किंवा वर्ष-दोन वर्षांत जायचे. त्यांचा जीव इजेने जात नसे, लघवीचा जंतुसंसर्ग आणि बेडसोअर (पडून पडून होणाऱ्या जखमा) यांनी जात असे. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन या डॉक्टरने या दोन गोष्टी हातात घेतल्या, आणि तीच माणसं धनुर्विद्येच्या स्पर्धा खेळू लागली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथेच आहे.

आता जखम. रुपयाएवढी दिसते, पण आत ती किती पसरली आहे हे वरून कळत नाही, त्यामुळे ड्रेसिंग करणाऱ्या डॉक्टरांना नीट तपासायला सांगा. हळद, पावडर, स्पिरिट यांतलं काही लावू नका. टायरच्या ट्यूबवर किंवा मधे भोक असलेल्या गादीवर ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती बंद करा. भोकाच्या कडेने रक्तपुरवठा दाबला जातो आणि जखम वाढते. हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवतात, त्यानेही काही साधत नाही. पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलायची, अलार्म लावून. ऑपरेशन करणाऱ्यांनी परवानगी दिली असेल तर दिवसातून थोडा वेळ पालथं झोपू दे, पाठीचा भार पूर्ण सुटतो. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून अंडी, मासे, डाळ सढळ हाताने द्या.

बसल्यावर तो घसरून, पाठीची कमान करून बसत असेल, तर भार पुन्हा त्याच माकडहाडावर येतो. ताठ बसला की भार बसण्याच्या दोन हाडांवर जातो. आणि तिथे नवी जखम होऊ नये म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी, कोपरं गुडघ्यांवर टेकून दोन मिनिटं पुढे वाकायचं. पूर्वी आम्ही हातांवर अंग उचलायला शिकवायचो. तसं केलेल्यांचे खांदे दहा-पंधरा वर्षांनी बोलायला लागले. तुमच्या भावाला हे खांदे आता पायांचंही काम करायला पुरवायचे आहेत.

एक लांब दांड्याचा आरसा घ्या. रोज सकाळ-संध्याकाळ त्याने स्वतःची पाठ, कुल्हे, टाचा बघायच्या. लाल डाग दाब काढल्यावर अर्ध्या तासात गेला नाही, तर त्या जागेवर पूर्ण जाईपर्यंत भार नाही. माझा एक पेशंट, कराडकडचा ट्रक ड्रायव्हर, सगळं चोख पाळायचा, तरी उजव्या कुल्ह्याखाली जखम. आठवडाभर कारण सापडेना. शेवटी पँट उलटी करून पाहिली तर मागच्या खिशात पाच रुपयांचं नाणं. तेव्हापासून माझ्याकडे मागच्या खिशाची पँट चालत नाही. जीनचे रिव्हेट काढायला लावते.

भाजण्याचंही सांभाळा. न्हाणीतलं कढत पाणी, थंडीत पायाशी ठेवलेली शेगडी, मांडीवर ठेवलेला चहाचा पेला, यांतलं काहीच त्याला कळणार नाही. पाणी आधी स्वतःच्या हाताने बघायचं. आणि मालिशवाला बंद. कित्येक महिने भार न पडलेली हाडं ठिसूळ होतात. गुडघा 'मोकळा करतो' म्हणून जोर लावलेल्या मालिशवाल्याकडून मांडीचं हाड मोडून आलेला पेशंट मी पाहिला आहे. दुखत नसल्यामुळे घरच्यांना ते तीन दिवसांनी, मांडी सुजल्यावर कळलं.

संडासचं वेळापत्रक लावलं की डायपर सुटतो. रोज एकच वेळ, सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी, कारण पोटात अन्न गेलं की आतडं आपणहून हलतं. वरच्या इजेत बोटाने गुदद्वाराला उत्तेजन दिलं की प्रतिक्षिप्त क्रियेने पोट साफ होतं. डी १२ ला बहुधा ती क्रियाच उरत नाही, तेव्हा हातमोजा आणि जेली लावून हळूच काढावं लागतं. कुठला प्रकार आहे ते तपासूनच ठरवा. हेही पुढे कमोड खुर्चीवर बसून तो स्वतः करेल. वाचताना किळस वाटली तरी चालेल. बाहेर कुठे जायचं म्हटलं की मनात पहिली भीती याचीच असते, आणि आरतीला तो का आला नाही याच्या कारणांत हे एक असण्याची दाट शक्यता आहे.

खाटेवरून खुर्चीत जाण्याचं एक चित्र सांगते. त्याच ड्रायव्हरला पहिल्यांदा सरकफळी दिली. खाट आणि खुर्ची यांच्यात तिरकी ठेवायची गुळगुळीत फळी, कुठलाही सुतार करून देईल. खुर्चीला ब्रेक, बाजूचा हात काढलेला, डोकं पुढे, कुल्हे उलट दिशेला. त्याची बायको शेजारी उभी, तिचे हात सारखे पुढे यायचे. मी तिला सांगितलं, तुम्ही स्टुलावर बसा आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून ठेवा. चाळीस मिनिटं लागली. इंच-इंच सरकत तो खुर्चीत पोचला, धापा टाकत खाटेकडे वळून बघितलं आणि बायकोला म्हणाला, "चादर किती मळलीय गं." दोन महिन्यांत पहिल्यांदाच तो त्या खाटेकडे बाहेरून बघत होता. महिन्याभरात तोच प्रवास दीड मिनिटावर आला.

तेव्हा तुमच्या भावजयीला हे सांगा, की मदत कमी करणं हीसुद्धा सेवाच आहे. आणि तिची पाठ. रोज उचलून-उचलून ती वर्षभरात स्लिप डिस्क घेऊन माझ्याकडे येईल. रात्रीच्या कुशींसाठी आठवड्यातले काही दिवस तुम्ही घ्या, चांगला एअर बेड आणा. तिला झोप हवी, माहेरी चार दिवस जायला हवं.

नवरा-बायकोच्या नात्याबद्दल मला कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. संबंध आणि मूल, दोन्हीचे मार्ग आहेत. काहींना गोळ्यांनी उपयोग होतो, मुलासाठी वीर्य काढण्याच्या पद्धती आहेत. हे तुम्ही मोठे भाऊ म्हणून बोलू नका, युरॉलॉजिस्टशी त्या दोघांनाच बोलू द्या, आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा.

घराचं. तुमच्याकडे चिऱ्याचं जोतं असणार. उताराचं माप एकाला बारा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. जोतं दोन फूट असेल तर चोवीस फूट. अंगणात सरळ बसणार नाही, म्हणून भिंतीला धरून मधे सपाट टप्पा घेऊन वळवा. घाईत बांधलेला चढा उतार मी फार पाहिलेत. त्यावरून खुर्ची ढकलायला दोन माणसं लागतात, म्हणजे ताबा पुन्हा दुसऱ्याकडेच. पाऊस आता ओसरतोय, दिवाळीआधी होऊन जाईल. दारं ऐंशी सेंटिमीटर तरी मोकळी हवीत, उंबरे काढा. माजघराचा उंबरा काढायला आई कुरकुरतील. तेव्हा लाकडी उंबरा जपून ठेवा, मोडू नका, एवढ्यावर बऱ्याच आया तयार होतात. खळ्यातून गोठ्यापर्यंत चार फूट रुंद कोबा करा, लाल मातीत चाकं रुततात. खुर्ची त्याच्या कुल्ह्याच्या मापाने घ्या, दवाखान्यातली ढगळ खुर्ची नको, आणि गादीवर कंजुषी करू नका.

आता त्याचं न बोलणं. 'होईल सगळं ठीक' हे वाक्य घरात बंद करा. त्याला माहीत आहे ते खोटं आहे, आणि खोटं बोलणाऱ्यांशी माणूस बोलत नाही. डॉक्टरांकडून खरं काय ते त्याच्यासमोर ऐका, त्याच्या पाठीमागे नाही. रडला तर रडू द्या. पण जेवण सोडलं, 'मी असून काय उपयोग' असं वारंवार म्हणू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला उशीर करू नका. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ वर मराठीतही बोलते. आणि आजच्या आज कलमांवर फवारायची औषधं कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. हे मी प्रत्येक बागायतदाराच्या घरी सांगते. पाय बधिर असून आग होते, सुया टोचतात असं म्हणत असेल तर ते खरं दुखणं आहे, मनाचे खेळ नाहीत, आणि पाय 'जागे होत असल्याची' खूणही नाही. त्यावर वेगळी औषधं असतात, डॉक्टरांना विचारा.

पाहुणे त्याला मुरलीकांत पेटकरांचं सांगत असतील. सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. मला त्या माणसाबद्दल अपार आदर आहे. पण पहिल्या वर्षात ही गोष्ट पेशंटला सांगू नये असं माझं मत झालं आहे. ज्याला अजून कूस स्वतः बदलता येत नाही, त्याला सुवर्णपदक म्हणजे आणखी एक हुकलेली गोष्ट वाटते. त्याऐवजी आसपासचा, तीन-चार वर्षांपूर्वी इजा झालेला, बाजूची चाकं लावलेल्या स्कूटरवरून फिरणारा, दुकान चालवणारा माणूस शोधा आणि तासभर दोघांना एकटं सोडा. ते नळीचे नंबर, खड्डे, बायका, सरकारी कचेऱ्या यांवर बोलतील. माझ्या वीस भाषणांनी होत नाही ते त्या तासात होतं. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था आहे, त्यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून हे काम उभारलं. तिथे विचारलं तर असा कुणी भेटेल. पूर्ण तपासणी आणि प्रशिक्षणासाठी मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची, खाजगीपेक्षा कितीतरी स्वस्त.

कागदांत अडकून पडू नका, पण युडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज लगेच करा, पुढच्या बहुतेक सवलती त्यावर आहेत. सवलतींसाठी निदान चाळीस टक्के अपंगत्व लागतं, त्याला अडचण येणार नाही. संजय गांधी निराधार योजनेचं तहसीलला विचारा. (वाचणाऱ्यांत कुणाचा माणूस सरकारी नोकरीत असेल तर लक्षात ठेवा: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही. राजीनामा लिहून देऊ नका.)

आणि काम. कलमं कोण बघतंय सध्या? तुम्हीच असाल, तर फवारणीचं वेळापत्रक, गड्यांचा हिशेब, पेट्यांची बोलणी यांतलं एक काम उद्यापासून त्याला द्या. मोहोर यायला अजून वेळ आहे, पण मजुरांना फोन आत्ताच करावे लागतात. तो नाही म्हणेल. फोन त्याच्या उशाशी ठेवा आणि तुमचा नंबर गड्यांना देऊ नका.

हाजी अलीला किंवा जिथे जाल तिथे नेताना डिस्चार्ज कार्ड, फिल्म, लघवीचे रिपोर्ट, आणि जोत्याची उंची, दारांची रुंदी, खाटेची उंची कागदावर लिहून न्या. गाडीत जखमेवर भार येणार नाही असा कुशीवर झोपवा, दर दोन तासांनी थांबा. फाइल घेऊन तुम्ही एकटे जाऊ नका, त्याला घेऊन जा.